तोंडाला बांधलेली चिंधी

माझ्या तोंडाला लाल चिंधी बांधून मला स्टेजवरच्या स्ट्रेचरवर आडवं केलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसली ती आमची मेट्रन. परिचारिका दिनाचा कार्यक्रम होता. सुरतेतलं बडं खाजगी हॉस्पिटल. मी तिथली नर्स, आणि त्या दिवशी नाटकातली पेशंट.

चिंधीची कल्पना माझीच. आमच्या वॉर्डात सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतली माणसं येतात, बरीचशी खानदेशी. ऑपरेशनआधी काही खायला-प्यायला देऊ नका, असा बोर्ड कॉटला लटकायचा. गुजरातीत आणि इंग्रजीत. वाचणार कोण? घरचा माणूस ऑपरेशनला निघाला की बायको त्याच्या घशात दोन घोट चहा ओतायचीच. उपाशी धाडायची आमच्यात रीत नाही. मग ऑपरेशन रद्द आणि शिव्या नर्सला.

माझी आई भेस्तानला आमच्या घरी बसून कारखान्याच्या साड्यांचे सुटे धागे कापते. तिच्याकडच्या लाल चिंध्या मी आणल्या, पेशंटच्या पाण्याच्या बाटलीला बांधल्या आणि बायकांना अहिराणीत सांगितलं, "चिंधी शे तवलोंग काहीच देवानं नही." चिंधी आहे तोवर काहीच द्यायचं नाही. चहा थांबला.

पुढे हॉस्पिटलने नव्या कल्पनांची स्पर्धा काढली. मी मेट्रनला सगळं सांगितलं. तिने आमच्या वॉर्डातल्या सर्जनचं नाव लावलं. बक्षीस त्याला. आणि परिचारिका दिनाला ती नाटकात करून दाखवायला मी. बाटलीला कशाला, हिच्या तोंडालाच बांधा, म्हणजे मजा येईल, हेही मेट्रनलाच सुचलं.

सर्जन माइकवर बोलला, "आ लोकोने तो चिंथरां ज सूझे."

या लोकांना चिंध्याच सुचणार. या लोकांना म्हणजे कोणाला, ते सगळ्यांना कळलं. रुजू झाल्या झाल्या माझी जात विचारून पँट्रीत माझा कप वेगळा ठेवला होता त्यांनी. मी तो मुकाट धुऊन वापरत आले. हॉल हसत होता. माझ्या सोबतच्या नर्सही. मला त्यांचाच राग जास्त आला.

मी उठून बसले. चिंधी ओढून काढली. माइक हातात नव्हता, म्हणून ओरडले, "कल्पना माझी आहे. सरांची नाही. विचारा मेट्रनला."

कोणीतरी गाणं लावलं.

दुसऱ्या दिवशी मला हॉस्पिटलच्या ऑफिसात बोलावलं. सगळ्या नर्सेससमोर सरांची माफी माग, नाहीतर घरी बस. आई घाबरली. "गप ऱ्हाय व माय, नोकरी जाई." तिचं चुकत नाही. घर माझ्या पगारावर चालतं.

पण मी माफी मागितली नाही. म्हटलं, काढायचं तर काढा. सगळ्यांसमोर काढा आणि का काढलं तेही सांगा.

अजून काढलेलं नाही. वॉर्ड बदलला, माझ्याशी कोणी बोलत नाही. पँट्रीत आता मी हाताला येईल तो कप घेते. बघायचं तर बघा. मला पुन्हा काही सुचलं, तर ते मी कोणाच्या कानात सांगणार नाही. भर वॉर्डात, माझ्या नावासकट सांगेन. ज्यांना ऐकवणार नाही, त्यांनी कानात बोळे घालून बसावं.