ताईंची डावी बाजू

आमच्या ताईंच्या डाव्या हाताला कुणी चालायचं नाही. असं कुणी ठरवलेलं नाही, पण भाऊजी गेल्यापासून तेच चालू होतं. रस्त्याने निघालो आणि मी चुकून त्या बाजूला गेले की ताई थांबायच्या, माझं कोपर धरायच्या आणि "अगं, इकडून चल ना" म्हणत मला उजवीकडे घ्यायच्या. जेवताना त्यांच्या डावीकडची खुर्ची रिकामी. मी पडले तोंडाची फटकळ. एकदा विचारलंच, "का हो, तिकडे काय सोनं पुरलंय?"  त्या रिकाम्या जागेकडे त्यांनी असं काही बघितलं, की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुन्हा म्हणून विचारलं नाही.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. कवळ्या बनवतात. आमच्याच घरात राहतात, मागच्या खोलीत त्यांचं काम चालतं. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, ताई त्यावर प्लॅस्टर ओततात, मेणात एकेक दात बसवतात, घासून घासून चकाकी आणतात. फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात. घरी कुणी नवीन आलं की आधी त्या जबड्यांना दचकतं आणि मग आमच्या सासूबाईंना.

भाऊजींचं, म्हणजे ताईंच्या नवऱ्याचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं खूळ त्यांचंच. आधी तळ्यात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशेऐंशी किलोमीटर सायकल मारायची आणि एवढ्यावर पोट भरलं नाही तर वर बेचाळीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दिवसात, तेही ठरलेल्या वेळेच्या आत. मी म्हटलं होतं, "भाऊजी, एवढं करून मिळतं काय?" ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी गाढ झोप." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसले. माणूस असा होता. चाळिशीच्या बायकोला पोहायला त्यांनीच शिकवलं, आणि त्यांच्याच नादाने त्याही वेड्या झाल्या.

दोघं पोहायचे ते अगदी खांद्याला खांदा लावून. ताई आतल्या बाजूला, भाऊजी त्यांच्या डावीकडे. ताई श्वास घ्यायला डावीकडे मान वळवायच्या, भाऊजी उजवीकडे. म्हणजे दर श्वासाला दोघांची तोंडं समोरासमोर. शर्यतीचा रस्ता दाखवायला पाण्यात नारिंगी फुगे तरंगत सोडलेले असतात. ते उजव्या हाताला ठेवून तळ्याला वळसा घालायचा. खरं तर पोहणाऱ्याने मधून मधून डोकं वर काढून समोर बघायचं असतं. ताई कधी बघायच्याच नाहीत. भाऊजींना ताईंच्या पलीकडे फुगे दिसायचे, आणि ताई जरा वाकड्या गेल्या की ते त्यांच्या खांद्याला हलकेच ढकलून त्यांना सरळ करायचे. बायकोचे डोळे व्हायची हौस होती त्यांना. मला त्या वेळी फार कौतुक वाटायचं. माझा नवरा मला रस्ता ओलांडतानासुद्धा मागे टाकून जातो.

शर्यतीला थोडे दिवस उरलेले असताना सरावात भाऊजींचं हृदय बंद पडलं. ताईंनी मान वळवली तेव्हा ते हसत होते. पुढच्या श्वासाला तिथे नुसतं पाणी. मागे राहिला असेल, असं समजून ताई पोहत राहिल्या. चांगलं लांबपर्यंत पोहत राहिल्या. भाऊजी डावीकडच्या लव्हाळ्यांपाशी सापडले.

ताईंनी अंत्यविधीला डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिसऱ्या आठवड्यात शर्यतीला जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही हात जोडले, नवऱ्याने आरडाओरडा केला, सासूबाई दारात आडव्या बसल्या. ताई त्यांना ओलांडून गेल्या. त्या वर्षी पोहतानाच त्यांना होडीत घालून बाहेर काढावं लागलं, कारण शेवटच्या फुग्यापाशी वळायचं सोडून त्या डावीकडे, लव्हाळ्यांच्या दिशेने निघाल्या होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी काठावर उभी राहून बघत होते. त्यांची पिवळी टोपी सगळ्यांपासून फुटून एकटीच डावीकडे सरकायला लागली, तेव्हा मी काठावरून हाका मारायला लागले. होडीवाला त्यांना आणून सोडताना म्हणाला, "बाई दर वेळी तिकडेच कशा जातात हो?" मला काय सांगावं कळेना.

सासूबाईंना मात्र कळलं होतं. "तो बोलावतोय तिला," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा घेऊनच जाईल." मी त्यांना म्हटलं, "काहीतरीच काय बोलता!" पण त्या रात्री दिवा मालवून अंथरुणावर पडले आणि मागच्या खोलीतून ताईंचा दबका आवाज आला, मध्येच थांबणारा, जणू समोरून उत्तर येतंय, तेव्हा मी नवऱ्याला गच्च धरून झोपले.

यंदा आयोजकांचा फोन आला. दोनदा बाहेर काढावं लागलंय, यंदाही तसंच झालं तर पुढे प्रवेश देणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मला तर हायसं वाटलं. सुटलो एकदाचे! पण मागच्या खोलीत गेले तर ताई हातातली कवळी तशीच धरून बसलेल्या. तोंडाचा रंग उडालेला.

"ताई, अहो एवढं काय त्यात? नाही तर नाही."

"अगं, मी शर्यतीला जात नाही," त्या म्हणाल्या. "मी त्याला बघायला जाते."

मी स्टुलावर बसले. 

"घरात तो नुसता असतो. तळ्यात दिसतो. मान वळवली की समोर. चष्म्याच्या आत डोळे उघडे, हसतोय. तो गेला तेव्हापासून तळं बंद केलंय ना त्यांनी, एरवी कुणाला उतरू देत नाहीत. तो एकच दिवस मिळतो मला."

"मग लव्हाळ्यांकडे का जाता?"

"तो ढकलेल म्हणून. वाकडी गेले की तो ढकलायचा. ढकलतच नाही गं हल्ली. म्हणून मी अजून थोडी जाते, अजून थोडी जाते."

कुणी शहाणी बाई असती तर तिने ताईंना डॉक्टरकडे नेलं असतं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "बरं. मग यंदा शर्यत पुरी करा. पुरी केलीत तर पुढच्या वर्षी सोडतील, त्याच्या पुढच्या वर्षीही सोडतील. दर वर्षी भेटा नवऱ्याला. पण त्यासाठी वेळेत बाहेर यायला हवं, आणि त्यासाठी उजवीकडे श्वास घ्यायला शिकायला हवं. फुगे उजवीकडे आहेत, ताई. डावीकडे काही नाही."

"डावीकडे तो आहे," त्या म्हणाल्या.

"असू दे. त्याला म्हणावं, जरा थांब."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना गावातल्या पोहण्याच्या टाकीवर घेऊन जायला लागले. मला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते. पण ताईंच्या उजव्या बाजूने मी टाकीच्या काठाकाठाने चालायचे आणि ओरडायचे, "इकडे! माझ्याकडे बघा!" पंधरा वर्षांत लागलेली सवय ती, सुटता सुटेना. मान डावीकडेच जायची. उजवीकडे वळवली की नाकातोंडात पाणी. मग मी वेडावून दाखवायला लागले, डोळे फिरवायला लागले, एक दिवस तर त्यांच्याच फळीवरचा जबडा नेऊन तो हातात धरून वाजवला. टाकीवरचा शिपाई मला बाहेर काढायला निघाला होता. ताई पाण्यातच हसल्या आणि त्यांना ठसका लागला. भाऊजी गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी शिपायालाच धन्यवाद दिले.

मध्यंतरी सायकलवरून पडून त्यांनी गुडघा फोडून घेतला, टाके पडले. मला वाटलं, आता आपोआप थांबतील. कसल्या थांबतात! पट्टी बांधून पायडल मारत राहिल्या. आणि हळूहळू मान उजवीकडे यायला लागली.

शर्यतीच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तळ्यावर पोचलो. धुकं होतं. लोक खांदे फिरवत होते, कुणी केळी खात होतं, कुणी शौचालयाच्या रांगेत. ताई टोपी घालून एकट्या उभ्या होत्या, त्यांच्या डावीकडे हातभर जागा सोडलेली. इतक्या गर्दीत कुणी त्या जागेत येत नव्हतं. का येत नव्हतं, देव जाणे.

मी गुपचूप बाजूला झाले आणि जरा लांब पाण्यापाशी जाऊन उभी राहिले. इकडे तिकडे बघितलं आणि म्हटलं, "भाऊजी, ऐका. तुमच्याशी कधी वाकडं बोलले नाही, आज बोलते. मेल्यावरही बायकोला असं ताटकळत ठेवायचं म्हणजे काय? ढकलायचं असेल तर ढकला, नाहीतर वाट सोडा. तिची आई घरी जीव मुठीत धरून बसलीये. लाज वाटू द्या जरा!" माझा आवाज बराच चढला असावा. शेजारी अंग मोडणारा एक पोरगेला स्पर्धक माझ्याकडे टकमका बघायला लागला. "तुमचं चालू द्या," मी त्याला म्हटलं.

शिट्टी झाली आणि सगळे पाण्यात घुसले. पिवळी टोपी मला दिसत होती. एका फुग्याला लागून, दुसऱ्या फुग्याला लागून, अगदी सरळ. उजवीकडे श्वास चालला होता. मी काठावरून हात हलवत होते, त्यांना दिसणार नाही हे ठाऊक असूनही. मग शेवटचा फुगा आला. बाकीच्या टोप्या वळल्या. पिवळी टोपी वळली नाही.

ती डावीकडे निघाली. थोडी गेली आणि थांबली. भर पाण्यात नुसती तरंगत उभी. होडीवाल्याने वल्हं उचललं. मी तिथेच खाली बसले. किती वेळ गेला कोण जाणे, मला जन्म गेल्यासारखा वाटला. ती टोपी लव्हाळ्यांकडे तोंड करून तशीच होती. होडी अगदी जवळ आली, आणि टोपी वळली. एकदम वळली आणि फुग्याकडे परत आली, आणि नंतर जी निघाली ती थेट काठापर्यंत.

ताई वेळेत बाहेर आल्या. अगदी थोडक्यात, पण वेळेत. मी धावत गेले. "ताई! दिसले? ढकललं त्यांनी?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "बाजूला हो," म्हणाल्या आणि सायकलकडे पळाल्या.

मग दिवसभर मी रस्त्याच्या कडेला. सायकलवरून दोन वेळा समोरून गेल्या, दोन्ही वेळा तोंडाला कुलूप. ऊन चढलं, वारा सुटला, गुडघ्याच्या पट्टीतून रक्त आलं. पळताना तर पायात असे गोळे आले की एका दुकानाच्या पायरीवर त्या आडव्याच झाल्या. मी पाय चोळले, मिठाचं पाणी पाजलं. म्हटलं, "सोडता का? पोहून तर झालंय." त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, उठल्या आणि पुन्हा पळायला लागल्या. मी थोडं अंतर त्यांच्याबरोबर चालले. डाव्या बाजूने चालतेय हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांनी मला हटकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. उलट छातीत धस्स झालं.

दिवे लागून बराच वेळ झाल्यावर त्या आल्या. लंगडत, एका बाजूला कलत, पण मुदत संपायच्या आत आल्या. लाउडस्पीकरवर कुणीतरी ओरडत होतं, लोक टाळ्या वाजवत होते, त्यांच्या गळ्यात पदक पडलं. मी घट्ट मिठी मारली. मला रडू आवरत नव्हतं. "जिंकलात ताई! आता कुणाची छाती आहे अडवायची? पुढच्या वर्षी येऊ आपण, दर वर्षी येऊ, भाऊजींना—"

"कशाला?" ताई म्हणाल्या.

मी मिठी सोडून त्यांच्याकडे बघितलं.

"शेवटच्या फुग्यापाशी थांबले मी. म्हटलं, आता तरी ढकल. नुसता हसत होता. तेच हसू, शेवटचंच. त्याच्या पुढचं त्याच्याकडे काही नाहीच गं. मग मी वळले. थोडी आल्यावर राहवेना, पुन्हा डावीकडे मान वळवून बघितलं. नव्हता. तिथून काठापर्यंत बघत आले. रस्त्यावर बघितलं. दिवसभर बघतेय."

 माझा दंड त्यांनी इतका आवळला की नंतर तिथे निळं पडलं.

"मेला गं तो," त्या म्हणाल्या. "माझा नवरा मेला."

दोन वर्षांत हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नव्हता. आणि त्या जमिनीवर बसून ज्या हंबरडा फोडून रडायला लागल्या, तसं मी आयुष्यात कुणाला रडताना ऐकलं नाही. भोवतीच्या लोकांना वाटलं आनंदाने रडतायत. टाळ्यांचा जोर आणखी वाढला. फोटोवाला वाकून म्हणाला, "मॅडम, इकडे बघा, जरा हसा." मी त्याच्या अंगावर धावून गेले. "चालता हो इथून! दिसत नाही का, घरात मयत झालंय आमच्या!"