देवराईचं पाणी

"कोणी ठेवला हा घडा? काका, आधी बाहेर या."

डास शोधायला आलेली पालिकेची बाई लालबागच्या आमच्या चाळीत असा आवाज लावत होती, की शिवडीच्या खाडीतले पक्षी उडाले असतील. पाच दिवसांच्या जागरणाने मी आंबून गेलेलो, हातात पेढ्यांचा पुडा. बायकोचा ताप त्याच सकाळी उतरला होता.

घडा गावच्या देवीचा. कोकणात देवराईत झरा आहे. तिथलं पाणी आणि चार पानं घड्यात घालून तो देवापुढे ठेवायचा, दुखणं जाईपर्यंत हलवायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. हिचे गुडघे जिना चढताना परळपर्यंत ऐकू जायचे, म्हणून दीड महिन्यापूर्वी मांडलेला. मग डेंगी झाला. डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. मला इस्पितळातल्या रांगेचा कंटाळा, आणि त्या कंटाळ्याला मी श्रद्धा म्हणत होतो.

बाईंनी टॉर्च मारली. आत अळ्यांचं सबंध गिरणगाव वळवळत होतं, तिन्ही पाळ्यांसकट.

"हा डास मुळात रानातला, झाडाच्या ढोलीतल्या पाण्यावर वाढणारा. तुम्ही त्याला घरातच ढोली करून दिलीत. आजारी कोण आहे?"

"होती. आज ताप उतरला. पेढा घ्या."

पेढा माझ्या हातातच राहिला. ती सरळ आतल्या खोलीत गेली. ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. "पोटात खूप दुखता गो," म्हणाली. "उलट्यो थांबनत नाय."

बाईंचा आवाज एकदम खाली आला. "काका, डेंगीत ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं. आत्ता न्या."

"पण घडा हलवला तर..."

"घडा मी ओतते. तुम्ही टॅक्सी बघा."

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर," आणि सलाईन लावायला वळले. चार दिवस मी बाकावर बसून होतो. इतका थकलो होतो, की जन्मात पहिल्यांदा एकही थाप सुचली नाही, देवीकडे काही मागायचंही सुचलं नाही. नुसते हात जोडलेले. देवावर भार टाकायचा, पण त्याने पाठवलेल्या माणसाचं ऐकायलाही उठायचं, एवढं त्या बाकावर कळलं.

ही चालत घरी आली. पुढच्या फेरीला ती बाई जिन्यात भेटली, तेव्हा मी तिच्यापुढे वाकलोच. "ताई, त्या दिवशी तुमच्या रूपात देवी आली होती."

"त्या दिवशी तुमच्या मजल्याची पाळी होती," ती म्हणाली. "कोपऱ्यातला ड्रम उघडा आहे, तेवढा झाकून घ्या."