वळणावरचा वास

सावर्ड्याच्या थांब्यावर एक मासळीवाली सुक्या मासळीची टोपली घेऊन माझ्या रोजच्या चिपळूणच्या एसटीत चढायची आणि माझ्या शेजारी बसायची. लोक नाकाला रुमाल लावायचे. "मावशे, बोंबलांचं वेगळं तिकीट काढ," असं कंडक्टर रोज म्हणायचा. "कालवणाला फुकट नेतोस त्याचे पैसे दे, मग काढीन," असं ती सुनावायची. हायवेवरचं मोठं वळण आलं की मात्र ती खिडकीबाहेर तोंड काढून हवा हुंगत राहायची. आदल्या वर्षी तिथे पेट्रोलचा टँकर उलटला होता. बघायला गर्दी जमली आणि स्फोट झाला. रस्त्याकडेची झाडं अजून काळी होती.

एकदा त्याच वळणावर एक टँकर आडवा उभा दिसला. एसटी थांबली. कंडक्टर आणि अर्धे प्रवासी उतरून तिकडे चालायला लागले. मला शाळेत पोचायला उशीर होत होता, म्हणून काय अडलंय ते बघायला मीही उठले. तिने माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"बसा बाई. आमचे हे पण नुसते बगायलाच गेलते."

तेवढ्यात मला पेट्रोलचा वास आला. खरा की नुसता भास, देव जाणे. मी खिडकीतून ओरडून कंडक्टरला हाक मारली.

"काय बाई, घाबरलात?" तो हसला.

"हो, घाबरले. सगळ्यांना घेऊन मागे या आधी."

सगळे हसत परत चढले. थोड्या वेळाने टँकर सुरू होऊन दिसेनासा झाला, तरी ती दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून बसली होती.