मंगलच्या गळ्याखालची बॅटरी

दवाखान्यातल्या औषधांना एक्स्पायरी डेट असते, किश्शांना नसते. सावेडीत फिट्सच्या डॉक्टर मॅडमकडे मी सिस्टर होते. आता घरी असते, पण खर्ड्याची मंगल आणि तिचे वडील आप्पा आठवले की अजून एकटीच हसते.

मंगल तिशीची, शिवणकाम करायची. गोळ्या बदलून बदलून थकली, पण फिट थांबेना. गॅसपाशी, विहिरीपाशी, कुठंच तिला एकटं सोडत नसत. शेवटी मॅडम म्हणाल्या, "छातीत कातडीखाली छोटं मशीन बसवू. वायर मानेतल्या नसेला जोडायची. ते अधूनमधून हलका करंट देतं. फिट बंदच होतील असं नाही, कमी होतील."

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, आमच्याकडं लाईट लई जाती. तवा काय करायचं?"

"आप्पा, बॅटरी आतच आहे!"

"मंग ब्येस! गावात एक तरी जागा झाली, जितं लोडशेडिंग न्हाई!"

*

पुण्याला ऑपरेशन झालं. करंट सुरू असला की आवाज घोगरा व्हायचा. मंगल भजनी मंडळात! ऐन अभंगात आवाज खाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मधीच कोन गडी गातोय गं?"

मंगल म्हणाली, "मशीन! त्येला बी भजनाची आवड हाय."

*

मशीनबरोबर एक मॅग्नेट मिळतं. फिट येतेय असं वाटलं की छातीवरून फिरवायचं, जादा करंट मिळतो. एकदा आमच्या दवाखान्याच्या बाकावरच मंगलची नजर थिजली. आप्पांनी लगेच मॅग्नेट फिरवलं. थोड्या वेळानं तिनं डोळे मिचकावले, इकडंतिकडं पाहिलं.

"आप्पा, माझा नंबर गेला का?"

आप्पा हसले आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले.

*

वर्षभरात फिट बऱ्याच कमी झाल्या. मग एक दिवस मंगल खर्ड्याहून एकटी आली. एसटीनं! जन्मात पहिल्यांदा. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी औषधं आणायला बाहेर पडले, तर समोरच्या चहाच्या टपरीमागं आप्पा! तोंडाला उपरणं गुंडाळलेलं.

"मागच्या शिटावर हुतो," ते कुजबुजले. "सिस्टर, तिला सांगू नका. लई खूश हाय ती."

मी आत आले. मंगल खिडकीपाशी उभी होती.

"सिस्टर, आप्पांना चहा पाठवा. सकाळपासून उपाशी हायेत," ती म्हणाली. "पन मी पाह्यलं, हे सांगू नका!"