विषय साहेबांनी दिला नव्हता

ताई गेली आणि तिसऱ्या दिवशी तिच्याच पेपरात तिच्यावर छापून आलं. सत्तावीस वर्षं राबली तिथे. मोठा फोटो, आणि खाली काय, तर ती संपादक साहेबांच्या तालमीत तयार झाली, बक्षीस मिळालेल्या लेखाचा विषयसुद्धा साहेबांनीच दिला. वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

विषय दिला म्हणे! हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या बायकांवर लिहिते म्हणाली, तेव्हा हेच साहेब तिला म्हणाले होते, "बाई, लोकांनी सकाळी उठून रक्ताच्या चादरी वाचायच्या का?" घरी येऊन रडली होती माझ्यासमोर. मग स्वतःची सुट्टी टाकून गेली. आठ दिवस. ओली चादर एकटीला पिळता येत नाही, दोन टोकांना दोघी लागतात. ताईने दुसरं टोक धरलं. दोन्ही हात अडकलेले, वही काढणार कशी? म्हणून तर त्या बायका मोकळ्या बोलल्या. वर हसायच्या तिला, "मॅडम, पीळ ढिला पडतोय हो, पेपरातपण असंच काम करता का?"

मी शिंपी, पाचवी शिकलेला. तरी लिहिलेलं आधी मला वाचून दाखवायची. मी "आँ?" केलं की तो शब्द खोडायची.

लेख आला नवव्या पानावर, बुटांच्या जाहिरातीखाली. बक्षीस मिळालं तेव्हा मात्र स्टेजवर साहेब पहिले.

शिलाईचं मशीन बंद केलं, तो छापलेला पेपर घेतला आणि गेलो त्यांच्या ऑफिसात. साहेब म्हणाले, "दादा, चांगलंच लिहिलंय ना ताईंबद्दल?"

"ताईबद्दल कुठंय? तुमच्याबद्दल लिहिलंय. फोटो तेवढा तिचा."

पलीकडच्या टेबलावरची बाई खाली मान घालून हसली. साहेबांचं तोंड उतरलं. म्हणाले, "उद्या दुरुस्ती छापतो. शब्द देतो."

छापली की. आतल्या पानात दोन ओळी. ताईचं वय बावन्न नसून एक्कावन्न होतं, चुकीबद्दल दिलगीर आहोत.

वय! मी काय वयासाठी गेलो होतो?

चादरवाल्यांमधल्या आक्कांना फोनवर ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तू लिही रे भावा. आम्ही होतो की तिथे. खाली आमच्या सह्या घे."

म्हणून हे लिहिलंय. सगळ्यांना वाचून दाखवलंय. अकरा जणींच्या सह्या, दोघींचे अंगठे. उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवतो. छापेपर्यंत रोज जाणार.