जुनीच्या शेजारी नवी

म्हाताऱ्या कॉम्प्युटरची सेवा माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावांनी, दादांनी केली, तशी कुणी आपल्या सासऱ्याचीही केली नसेल; आणि हे सासऱ्याची सेवा केलेली बाई सांगते आहे. आदिलाबादच्या ऑफिसने भंगारात काढलेला तो डबा निवृत्त होताना त्यांनी घरी आणला. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनीच केव्हाची वाऱ्यावर सोडली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी लोक बैलांचे खांदे तुपाने चोळतात. आमच्याकडे बैल नव्हते, म्हणून दादा कॉम्प्युटरच्या पंख्यात तेल सोडत. थंडीत त्याच्यावर गोधडी, आणि पाहुणे आले की गोधडी कमी पडे ती आम्हाला. कुणी नवा घ्या म्हटलं, तर म्हणत, "काऊन? हा काय तुले मारून राह्यला?"

हट्टाला कारण होतं. दादांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामात रक्तदात्यांची यादी होती. आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलं बरीच, आणि त्यांना वरचेवर रक्त लागतं. दवाखान्यातून फोन आला की त्या रक्तगटाच्या सगळ्यांना एकदम मेसेज जाई. दर काही वर्षांनी मेसेजवाली कंपनी कळवे, तुमचं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला लावायचं कुलूप, जुनं झालं, नवं बसवा. हे कुलूप ज्या फायलींत असतं त्यांना लायब्ररी म्हणतात, आणि इतक्या जुन्या सिस्टीमसाठी ती तयार मिळत नाही. मग दादा ती घरीच तयार करत. चार दिवस जेवणाचं ताट कॉम्प्युटरपुढे. त्यांच्या वहीत लाल शाईने एक नियम होता: नवी लायब्ररी वेगळ्या फोल्डरात, जुनीच्या शेजारी ठेवायची, जुनीवर कधीच टाकायची नाही, कारण अख्खी सिस्टीम तिच्या आधारावर उभी असते. बाजारातल्या एका दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या मशीनवर हीच चूक केली, तेव्हा दादांनी त्याला घरी बोलावून सुनावलं, "अरे, सून आणली म्हणून सासूले हाकलतेत काय?" सासूबाई तिथेच शेंगा सोलत होत्या. त्या दिवशी दादांना दोनदा चहा मिळाला.

गेल्या वर्षी पुन्हा तसंच पत्र आलं. तेव्हा दादा एकच गोष्ट परत परत विचारायला लागले होते. वय झालं, म्हणून मी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली, "बाई, हा सुरूच नाई होऊन राह्यला." काळ्या पडद्यावर एकच ओळ होती, लायब्ररी जुळत नसल्याची. आम्ही वही घेऊन एकेक पायरी तपासली. नवी लायब्ररी जुनीवर टाकली होती.

"कोणं केलं हे?"

"तुमीच, दादा."

"मी?"

"सकाळपासून इथं दुसरं कोणी बसलंच नाई."

लपवण्यात अर्थ नव्हता. चूक त्यांना माझ्याआधी कळली होती. ती केल्याचं तेवढं आठवत नव्हतं. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. तलमडुगू गावच्या एका मुलीला बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. मेसेज जाणार नव्हता. मी वहीत घालून ठेवलेली रक्तदात्यांची छापील यादी घेतली आणि ओसरीवर उभी राहून एकेकाला फोन लावत गेले. पाचवा माणूस कापूस घेऊन बाजारात आलेला निघाला. गाडी भावाच्या ताब्यात देऊन तो तसाच दवाखान्यात गेला. कॉम्प्युटरची डिस्क काढून यादी पुढे दुसऱ्या मशीनवर नेता आली. तो भाग सोपा होता.

मी आत आले तेव्हा दादा फूटपट्टी घेऊन बसले होते. वहीच्या पहिल्या पानावर 'अडचण आल्यास' असं लिहून खाली त्यांचं नाव आणि नंबर होता. पट्टी लावून त्यांनी दोन्ही सरळ रेषेत खोडले.

"तुया नंबर सांग, बाई."

"मले यातलं काय येते, दादा?"

"तुले आठवते," ते म्हणाले.

मी एकेक आकडा सांगू लागले. पाचव्याला त्यांचं पेन थांबलं, आणि त्यांनी पहिले चार पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले.