तीन खुणा आणि नव्या रंगाची रेघ

‘सरळ म्हणजे कशाच्या हिशेबानं सरळ?’ विमानांच्या हँगरातल्या पहिल्याच भेटीत तिने मला विचारले.

लढाऊ विमानाची तोफ, वैमानिकाचे नेमदर्शक आणि कॅमेरा यांचा नेम आपापल्या जागी बसवणे, हा तिचा व्यवसाय. हँगरात सगळे तिला ‘ओळंबा’ म्हणत. तिथेच वायरिंग पाहणारी तिची नणंद तेवढी ‘वहिनी’ म्हणे. जुळणीवर सही करण्याचा अधिकार तिला नुकताच मिळाला होता, आणि तिच्या सहीचे पहिले विमान दुसऱ्या दिवशी गोळीबाराच्या चाचणीला जायचे होते. नेम चुकता, तर अधिकारही जाता.

विमान जॅकवर उचलून समतल केलेले होते. तोफेच्या नळीत दुर्बीण बसवून तिने समोरच्या फलकाकडे पाहिले; त्यावर तिघांसाठी एकेक खूण होती. तोफ आपल्या खुणेच्या डावीकडे, बोटभर. नेमदर्शकही तेवढेच डावीकडे. कॅमेराही! पाना उचलून ती तरातरा शिडी चढली.

‘थांबा, तिघांचेही कान पिळते!’

खालून नणंद म्हणाली, ‘वहिनी, सगळं घर चुकलं आणि तू एकटी बरोबर, असं कधी झालंय का गं?’

‘रोज होतं!’ ती म्हणाली, आणि पाना हातातच थबकला. ‘अगं... तिघंही एकाच बाजूला? सारखेच? मग हे कशाला खोटं बोलतील! फलकच सरकलाय!’

फलक जमिनीवरच्या मध्यरेषेवर मांडलेला होता. परंतु जमीन नुकतीच रंगवली होती आणि रेघही नव्याने ओढली होती. मूळ मध्यरेषा दाखवणाऱ्या, जमिनीत ठोकलेल्या पितळी खुणांपैकी विमानाखालच्या शाबूत होत्या. फलकाखालची मात्र रंगात बुडाली होती. दोघी गुडघ्यांवर बसल्या. नणंदेने जेवणाच्या डब्यातला चमचा काढून रंग खरवडायला घेतला.

‘हा चमचा आता तुझ्या दादाच्या डब्यात!’

‘त्याला कळायचंही नाही.’

रेघेच्या डावीकडे, बोटभर अंतरावर, पितळ चमकले. फलक तिथे सरकवला. दुर्बिणीला डोळा लावताच ती ओरडली, ‘बसली! अगं, बसली! ये, तूही बघ!’ पाठोपाठ नेमदर्शक बसले, कॅमेराही. पाना लावावाच लागला नाही. तिने सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मैदानावरून फोन आला: ‘निशाणाची चाळण झाली!’ नणंदेने तिला उचलूनच घेतले.

१९९८ मध्ये हँगरची जमीन पुन्हा रंगवली गेली, तेव्हा पितळी खुणांवर आधी कागदी पट्ट्या चिकटवण्यात आल्या.